कांदेकाका आणि सोळाचा आकडा

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सहायक तीस वर्षं कांदे पिकवत होते, पण त्यातला एकही कांदा कधी कुणाच्या पोटात गेला नाही. कॉलेजच्या गच्चीवर त्यांच्या कुंड्या होत्या. कांदा फुलावर आला की ठरलेल्या वेळी सकाळी वर जाऊन ते न उमललेल्या कळ्या खुडत आणि लगेच औषधात बुडवत. उशीर झाला तर कळीच्या आतलं काम उरकलेलं असतं, मग काय डोंबल दिसणार, असं त्यांचं म्हणणं. कुणी पातीला नुसता हात लावला तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. अख्खं कॉलेज त्यांना कांदेकाका म्हणायचं, आणि रागावली की बायकोही.

खरी करामत त्यांच्या उजव्या अंगठ्यात होती. कळीतला परागकोश काचेवर ठेवायचा, लाल रंगाचा थेंब सोडायचा, वर पातळ काच, तिच्यावर टीपकागद, आणि मग अंगठा. कमी दाबलं तर पेशींचा ढीग, जास्त दाबलं तर भुगा. काकांच्या अंगठ्याखाली पेशी अशा शिस्तीत पसरायच्या की गुणसूत्रं एकेक करून मोजावीत. कांद्याच्या मुळाच्या टोकातली पेशी साधी दुभंगते: सोळा गुणसूत्रं असतील तर दोन्ही टोकांना सोळा-सोळा. कळीत मात्र पुढची पिढी घडत असते, तिथं जोडीतलं एक इकडे, एक तिकडे, म्हणजे टोकाला आठच; याला अर्धसूत्री विभाजन म्हणतात. निम्मं परागाकडून, निम्मं बीजांडाकडून, तेव्हा कुठं नव्या रोपाला सोळा मिळतात. "निम्मं केलं नाही तर पोराला बत्तीस, नातवाला चौसष्ट," काका पोरांना सांगत, "घरात उभं राहायला जागा उरायची नाही."

हेच शास्त्र घरी मात्र त्यांच्यावर उलटायचं. दोन मुलांपैकी थोरला भांडकुदळ आणि धाकटा झोपाळू. थोरल्यानं कुणाशी भांडण काढलं की बायको म्हणायची, "हा तुमच्याकडचा निम्मा!"

"अगं, माझा निम्मा म्हणजे एकट्या माझा नाही. आईकडची आणि बापाकडची गुणसूत्रं आधी एकमेकांना बिलगतात, तुकड्यांची अदलाबदल करतात, मग वेगळी होतात. पत्ते पिसतात ना, तसं. त्यात माझी आई आली, माझे वडील आले."

"म्हणजे सासूबाईंचा तुकडा. मला वाटलंच होतं."

काकांनी पिशवी उचलली आणि कांद्यांना पाणी घालायला कॉलेजची वाट धरली.

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा आली. काचांवर चिठ्ठी लावणं काकांना कमीपणाचं वाटे. डाव्या हाताचा ट्रे मुळांचा, उजव्या हाताचा कळ्यांचा, तीस वर्षं हा कायदा होता. त्या दिवशी बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून काकांनी स्वतःच मांडलेल्या ट्रेंसकट टेबल सरकवलं, स्वतः पलीकडच्या बाजूला उभे राहिले, आणि डावं-उजवं उलटलं हे ध्यानात न येता उजव्या हाताच्या ट्रेमधल्या बारा काचा बारा सूक्ष्मदर्शकांखाली लावून टाकल्या. दरवर्षी ते प्रत्येक काच डोळ्याखालून घालत. त्या दिवशी परीक्षकांच्या चहात साखर किती, या चिंतेत ते राहून गेलं.

प्रश्न होता, काचेवर दिसणारं अर्धसूत्री विभाजन काढा आणि गुणसूत्रं मोजा. अकरा जणांनी सुरेख चित्रं काढली आणि खाली ऐटीत 'आठ' लिहिलं. परीक्षकांनी मधूनमधून एखाद्या सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला न लावला केलं आणि "वा, छान!" म्हणाले. उरलेली एक मुलगी शंकेखोर म्हणून प्रसिद्ध. तिनं लिहिलं, "दोन्ही टोकांना सोळा-सोळा आहेत. हे अर्धसूत्री विभाजन नाही." परीक्षकांनी तिथल्या तिथे शून्य दिलं. या शून्यानं ती नापास होत होती आणि तिचं वर्ष बुडणार होतं. पाच वाजता गुणांचं पाकीट बंद होणार होतं.

दारात तिनं काकांना गाठलं. डोळे रडून लाल झाले होते. "काका, मी चार वेळा मोजलं हो. सोळाच येतात."

"पोरी, घाईत दोनदा मोजली असशील. थांब, दाखवतो तुला," असं म्हणत काका रुबाबात आत गेले, तिच्या नळीला डोळा लावला, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. विटा रचल्यासारख्या चौकोनी पेशी. कळीतल्या पेशी गोल असतात. हे मूळ होतं.

घड्याळात साडेचार झाले होते. काचा धुवायच्या बादलीत टाकल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. आठ दिवसांनी हार, नारळ, भाषण. काकांनी काच खरोखर बादलीवर धरली, आणि स्वतःचीच त्यांना इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. ते काच घेऊन थेट परीक्षकांसमोर उभे राहिले.

"सर, काचा चुकल्या. मुळांच्या लावल्या गेल्या. माझ्या हातून."

परीक्षकांनी पाकिटावरची नजर वर केली नाही. "तुम्ही सहायक ना? पेशी ओळखणं आमच्यावर सोडा. मी स्वतः पाहिल्यात काचा."

काका भांडले नाहीत. तयार काच चालणार नव्हती, परीक्षकांच्या डोळ्यांदेखत करायला हवी होती. औषधातली कळी काढली, परागकोश सोडवला, रंग, काच, टीपकागद, अंगठा. दाब चुकला नाही. दोन्ही काचा त्यांनी शेजारी-शेजारी लावल्या आणि मुलीला हाक मारली.

परीक्षक आधी एकात वाकले, मग दुसऱ्यात, मग पुन्हा पहिल्यात. ओठ हलत होते. सोळापर्यंत पोचता पोचता त्यांचा चेहरा काचेवरच्या रंगाइतका लाल झाला.

"तू आठ का नाही लिहिलंस?" त्यांनी मुलीला विचारलं. "पुस्तकात आठ आहे."

"मला माहीत होतं सर. पण दिसत सोळा होते." तिनं नव्या काचेवर वाकून बराच वेळ मोजलं. "यात आठ आहेत." मग ती काकांकडे वळली. "म्हणजे मी बरोबर होते? दिवसभर मला वाटत होतं, आपल्याला साधं मोजताही येत नाही."

"तू बरोबरच होतीस. मी चुकलो," काका म्हणाले. हे बोलताना त्यांना रडू येत होतं.

शून्य खोडलं गेलं, तिथं पूर्ण गुण आले. अकरा जणांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावायचं आणि तोवर पाकीट उघडंच ठेवायचं ठरलं. परीक्षकांनी चष्मा पुसत जरा मवाळ आवाजात विचारलं, "काका, तीस वर्षांत याआधी कधी असं झालं होतं का?"

"छे!" काकांच्या ओठांवर आलं होतं. पण त्या मुलीकडे पाहून त्यांनी ते गिळलं.

"सांगता येत नाही, सर," ते म्हणाले. "याआधी कुणी मोजलंच नव्हतं."