चाचीच्या कानातली बाळी

ती लेन्स माझी नव्हती, हे आधी सांगतो. घुग्घुसला चाचांचा फोटो स्टुडिओ होता. मी काम तिथंच शिकलो, आणि पुढं चंद्रपुरात स्वतःचं दुकान टाकलं. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा चाचांनी स्टुडिओ बंद केला आणि आपल्या फिल्मच्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स मला वापरायला दिली. पन्नास एमएम, एक पॉइंट चार, म्हणजे खूप उघडणारी, कमी उजेडातही चालणारी. एक कडं मध्ये घातलं की ती माझ्या नव्या कॅमेऱ्यावर बसायची.

फोकस मात्र हातानं करावा लागे. जुन्या कॅमेऱ्यातून बघताना मधोमध एक गोल दिसायचा. त्यात चेहऱ्याचे दोन तुकडे असायचे, ते जुळले की फोकस जुळला. माझ्या डिजिटलमध्ये तो गोल नव्हता. मग मी फोकसची रिंग एका जागी ठेवायचो आणि स्वतःच डोलायचो, जरा पुढं, जरा मागं, समोरच्याचे डोळे लख्ख दिसेपर्यंत. लग्नात पोरं हसायची, "फोटोवाल्याले चढली वाटते!" पण एटापल्लीकडच्या घरांमध्ये चुलीच्या उजेडात, फ्लॅश न मारता मी नवरीचे फोटो काढले, आणि माझं नाव झालं. लेन्स पूर्ण उघडी ठेवली की चेहरा तेवढा दिसतो, मागचं सगळं विरघळतं. पण समोरचा बोटभर हलला तरी डोळे धुरकट येतात, चूक करायला जागाच राहत नाही. मला त्याची चटक लागली होती.

चाचींचा एकही फोटो नव्हता. फ्लॅशनं त्यांचं डोकं दुखायचं. बिनाफ्लॅशचा काढतो म्हटल्यावर त्या तयार झाल्या.

"साऱ्या घुग्घुसले हस म्हणत राह्यला हा माणूस," त्या मला म्हणाल्या. "मले कधी म्हटलं नाई."

"तुले काय सांगाचं? तू तर माया धंद्यालेच हसत होती," चाचा म्हणाले.

कोळशाच्या ट्रकांची धूळ यायची म्हणून त्यांच्या खिडक्या बंदच असत. एक अर्धी उघडली. चाची तिच्याजवळ बसल्या. मी डोलू लागलो.

चाचा मागून म्हणाले, "इतकी उघडी काऊन ठेवून राह्यला? हसली का पुढं झुकते ते. थोडी बंद कर. चारवर आण."

"उजेड कमी आहे चाचा. दाणे येतील फोटोत."

हे अर्धं खरं होतं. थोडी बंद करूनही निभलं असतं. पण मागची काळवंडलेली भिंत आणि डबे मला फोटोत नको होते. आणि खरं सांगायचं तर, चाचींसमोर मला शिकवलेलं आवडलं नाही.

चाचा काहीतरी पुटपुटले, चाची खळखळून हसल्या, मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो सुरेख दिसला. "अशी दिसून राह्यली काय मी?" म्हणत चाचींनी पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला उठल्या. दुसरा काढू दिला नाही.

दुकानात येऊन कॉम्प्युटरवर मोठा केला, तेव्हा चूक दिसली. चाची हसताना पुढं झुकल्या होत्या. जिथं त्यांचे डोळे होते तिथं कान आला होता. कानातली बाळी, तिच्यातला बारीक मोती, सगळं लख्ख होतं. डोळे धुरकट.

मी पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढून दिली. तेवढ्या छोट्या आकारात चूक सहज दिसत नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात चाची गेल्या. काही दिवसांनी चाचांचा फोन आला, "तो फोटो मोठा करून दे बेटा. भिंतीवर लावतो." मी म्हणालो, कॉम्प्युटरची डिस्क गेली, आता ती छोटी प्रिंटच उरली. तर उलट तेच मला समजावू लागले. "जाऊ दे. मशीनचा काय भरोसा? तुहं बी नुकसान झालं असन."

त्यानंतर ती लेन्स मी कॅमेऱ्याला लावली नाही.

मग चाचांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो. ते खाटेवर बसले होते, हातात ती छोटी प्रिंट, कोपरे झिजलेली.

"डॉक्टरनं बिघडवलं," ते म्हणाले. "पट्टी काढल्यावर पयले इलेच पाह्यलं. अजून धुरकटच दिसून राह्यली. दुसरा डोळा मी नाई करत. जेवढं दिसते तेवढं पुरे."

मी उठून आलो. दुसऱ्या दिवशी फोटो मोठा करून, फ्रेम घालून घेऊन गेलो.

"डिस्क गेली नव्हती चाचा. मी खोटं बोललो."

त्यांनी चष्मा लावला. फ्रेम हातभर लांब धरली. जवळ आणली. पुन्हा लांब नेली, पुन्हा जवळ. मी कॅमेऱ्यातून डोळे शोधायला डोलायचो, तसं. मला खाली बघावं लागलं.

"बाळी दिसते का?" मी विचारलं.

"दिसते. मोती बी दिसून राह्यला."

"मग तुमचा डोळा चांगला झाला आहे. डॉक्टरचं काही चुकलं नाही."

"आन् इचे डोळे?"

"ते माझ्यामुळं. तुम्ही लेन्स थोडी बंद कर म्हणाला होता."

बराच वेळ ते बोटानं त्या बाळीवरची काच पुसत राहिले. तिथं पुसण्यासारखं काही नव्हतं.

"काऊन बोलला नाई?"

"लाज वाटली."

"मी तर मायाच डोळ्यांले शिव्या देत होतो," ते म्हणाले. मग भिंतीकडे हात केला. "ठोक खिळा."

मी खिळा ठोकला. वर, अजून वर, एवढंच ते बोलले. लेन्स मी परत द्यायला आणली होती, ती खाटेवर ठेवून निघालो. त्यांनी तिला हात लावला नाही. चहाचंही विचारलं नाही.

हिवाळ्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, सोबत तूच ये. बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि सगळा रस्ता बाहेर बघत राहिले. उतरताना मात्र माझा खांदा धरला.