वंशवृक्षात नसलेला मामा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तशी माझ्या पोटात काही राहत नाही अशी ख्याती आहे. कोणती आत्या लग्नात रुसून मांडवाबाहेर जाऊन बसली, कोणता काका नोकरीच्या पहिल्याच दिवशी चुकून साहेबाच्या खुर्चीत बसला — सगळं मीच सांगत आलो. व्हिडिओ कॉलवर चार नातेवाईक जमले की ‘इलू, ती गोष्ट सांग’ म्हणून मलाच पुढे करतात. मीही सांगतो. थोडं तिखटमीठ लावून सांगतो. ही एक मात्र राहिली. राहिली कसली — मी ठेवली.

आधी आम्ही कोण ते सांगायला हवं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. बाबा नोकरीसाठी जवाहरनगरच्या कारखान्यात आले आणि इथेच राहिले. मीही त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून झालो. लग्न झालं नाही — भंडारा जिल्ह्यात ज्यू मुलगी शोधायची म्हणजे काय, हे बघितल्याशिवाय कळणार नाही. बाकीचे नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले. मी उरलो. आणि जो उरतो त्याच्याकडेच सगळ्यांचं दप्तर येतं. ‘आजोबांचा जन्मदाखला मिळेल का?’ ‘काकांच्या लग्नाची नोंद कुठे असेल?’ रविवारी त्यांचे निरोप यायचे आणि सोमवारी अर्धी रजा टाकून मी कुठल्या तरी कचेरीत धूळ खात बसलेला असायचो. मला धुळीची ॲलर्जी आहे. घराण्याचा इतिहास मी शिंकत शिंकत लिहिला आहे.

पण सांगायचं ते आईबद्दल आहे. म्हणजे मामाबद्दल. बघा, अजूनही आडवळणानेच चाललो आहे.

माझी आई जन्माने ज्यू नव्हती. लाखनीच्या पलीकडे एका तलावाकाठच्या गावातल्या धानाच्या शेतकऱ्याची ती मुलगी. नाव शेवंता. बाबा सायकलवरून मासे घ्यायला तिथे गेले होते आणि तलावाच्या पाळीवर उभे राहून ‘खवल्यांचाच मासा पाहिजे, बिनखवल्यांचा आम्हाला चालत नाही’ म्हणून हुज्जत घालत होते. डोईवर धानाचा भारा घेऊन जाणारी एक मुलगी ते ऐकून हसली. ती आमची आई. लग्नाआधी बाबांनी तिला मुंबईला नेऊन रीतीप्रमाणे आमच्या धर्मात घेतलं. सारा हे नाव ठेवलं. त्याचा सही-शिक्क्याचा कागद माझ्या पेटीत आहे. हा कागद लक्षात ठेवा. पुढे मला तो फार जड जाणार आहे.

आईच्या पाठचा भाऊ सुकराम, हा आमचा मामा. थोरली बहीण म्हणून तो आईला ‘बाई’ म्हणायचा. दरवर्षी मलिद्याला तोच पोहे आणायचा. मलिदा म्हणजे आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा प्रसाद — भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, खजूर, वर फळं. मामाच्या बांधीतला, म्हणजे शेतातला धान, गावच्याच गिरणीत कुटलेले पोहे. पिशवी घेऊन तो यायचा, दाराच्या चौकटीवरच्या मझुझाला, म्हणजे धर्मवचनांच्या डबीला, आमच्यासारखाच हात लावून तो कपाळाला लावायचा. आणि मग वाकून माझ्या पाया पडायचा. माझ्या बहिणीच्या, रुथच्याही. आमच्या भंडाऱ्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा शेंबडा असला तरी. लहानपणी मी पाय पुढे करून ऐटीत उभा राहायचो आणि आई पाठीत धपाटा घालायची.

रुथ लग्न होऊन इस्राएलमधल्या बेरशेबाला गेली आणि लेक पाच वर्षांची असताना वारली. मामाने रुथला लहानपणी खांद्यावर बसवून अख्खा तलाव फिरवलेला. बातमी कळली तेव्हा तो आमच्या पायरीवर दिवसभर बसून होता. जेवला नाही. जाताना एवढंच म्हणाला, “तिची पोरगी एकडाव पाह्यन म्हनतो गा मी.”

आता खोटं.

माझ्या चुलत बहिणीने इंटरनेटवर आमचा वंशवृक्ष सुरू केला आणि कागदपत्रवाला म्हणून मला त्याचा व्यवस्थापक केलं. प्रत्येक माणसाला एक चौकट. बाबांच्या बाजूच्या चौकटी भराभर भरल्या. मग आई. माहेरचं नाव? वडील? जन्मगाव? मी बराच वेळ त्या चौकटीकडे बघत बसलो.

अकरा वर्षांचा असताना मुंबईच्या एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. मागून एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, “हे काळे इस्राएल.” म्हणजे आईकडून बाहेरच्या रक्ताचे. आईला ऐकू गेलं. ती जेवत राहिली. पण त्या बाईवर ढकलून मोकळं होता येत नाही. ती एक वाक्य बोलली आणि जिलबीकडे वळली. पुढची चाळीस वर्षं ते वाक्य मी सांभाळलं.

चौकटीत मी टाइप केलं : सारा, जन्म कोकणात, वडील सालोमन. सालोमन कोण? कोणी नाही. मग त्याला धंदा हवा म्हणून तेलाचा घाणा दिला, आणि ज्यू तेली म्हणून शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या वारी, तो बंदही ठेवला. गोष्ट सांगायची सवयच वाईट. महिनाभरात इस्राएलमधल्या लोदच्या एका गृहस्थांनी कळवलं की सालोमन आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ दिसतात, त्यांना जोडून घेऊ का? मी ‘जोडा’ म्हटलं. मी बनवलेल्या माणसाला भाऊ मिळाला, पुतणे मिळाले. हसू आलं होतं मला. खरंच आलं होतं.

मग तीन वर्षांपूर्वी रुथच्या मुलीचा, नओमीचा, निरोप आला. माझ्या आईचं माहेर बघायचं आहे, नवऱ्याला घेऊन येते. आजीचा एखादा कागद तिथे मिळेल का, मामा? तिला मराठी चारदोन शब्दच येतात. त्यातला ‘मामा’ तिने मराठीत लिहिला होता.

आईच्या गावच्या शाळेत मी गेलो. का गेलो? काही नसेलच, एकदा खात्री करू, म्हणून गेलो. मामा मला बसथांब्यावर घ्यायला आला आणि बाहेर व्हरांड्यात बसून राहिला. मास्तरांनी दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर काढलं, आणि ते होतं. शेवंता. खालच्याच ओळीत सुकराम. दोघांची दाखल-तारीख एकच. मी रजिस्टर मिटलं आणि मास्तरांना म्हटलं, सापडत नाही.

“भेटलं का गा?” मामाने विचारलं.

“नाही.”

“नाही कसं? आमचं दोघाचं नाव एकाच दिवशी घातलं होतं ना. मी बाईबिगर शाळेत जातच नव्हतो. पाह्य बरं अजून.”

पानं फाटली आहेत, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली. मास्तर दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आत गेले.

नओमी येणार हे मी मामाला कळवलं नाही. पण तिच्यासाठी मलिदा करायचा म्हणजे पोहे हवेत. फोन केला तेव्हा त्याने विचारलं, “आताच कायले पाहिजेत?” पाहुणे येणार आहेत, बुधवारी पोहे लागतील, एवढंच मी म्हटलं. हा माणूस शाळेत चौथीपर्यंत गेलेला, पण पाहुणे कोण ते त्याला सांगावं लागलं नाही.

वरठी स्टेशनवरून मी त्यांना गाडीने घेऊन आलो. क्वार्टरच्या फाटकापाशी मामा उभा. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पोह्यांची पिशवी. नओमी खाली उतरली. त्याने तिच्याकडे बघितलं — मी तोंडं वाचणारा माणूस, पण ते तोंड मला बघवलं नाही. पिशवी खाली ठेवून तो पुढे झाला आणि पंचाहत्तरीच्या त्या म्हाताऱ्याने वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. भाचीच्या पोरीच्या. हक्काने. ती दचकून मागे सरली. तिच्या नवऱ्याने फोन वर केला आणि फोटो काढला.

“हे कोण, मामा?” तिने मला इंग्रजीत विचारलं.

वेळ होती हो. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द तिला मराठीत येत होता.

“आपले पोहेवाले,” मी म्हणालो. “जुनी माणसं अशीच असतात. फार नम्र.”

इंग्रजीत बोललो, पण ‘पोहेवाले’ मराठीतच गेलं. मामा उठताउठता थांबला. गुडघ्यावर हात टेकून सरळ झाला. मला वाटलं, आता बोलेल. बोलला.

“हो बाई,” तो तिला म्हणाला. “दरसाली पोहे मीच आनून देतो.”

तिने हात जोडले. त्यानेही जोडले. मग आम्ही आत गेलो. आमच्यामागे तो पायरीपर्यंत आला. मझुझाकडे त्याचा हात गेला आणि अर्ध्यातून परतला. पोहेवाला कशाला हात लावील? तो पायरीवर बसला. मलिद्याचं ताट मी त्याला बाहेरच नेऊन दिलं. आत नओमी बोटं चाटत सांगत होती की असे पोहे तिने कधी खाल्ले नाहीत. मी तिला सालोमनच्या घाण्याची गोष्ट सांगितली. छान रंगली.

निघताना मी त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो.

“आपली रुथच हाय पुरी,” तो म्हणाला. “हनुवटी पाह्यली का गा? ते बाईची हाय.” मग फाटकाची कडी काढत, “बराबर केलं तू. मोठ्या मुलखातलं लेकरू. आमचं नातं कुठी सांगत बसते ते.”

आणि मग, नेहमीसारखा, तो वाकून माझ्या पाया पडला. मी मागे सरलो नाही. त्याला धरून उठवलंही नाही. तसाच उभा राहिलो, लहानपणी उभा राहायचो तसा. धपाटा घालायला आई नव्हती.

पुष्कळ दिवस मी स्वतःला समजावलं की हे नओमीसाठी केलं. तिकडे लग्नाबिग्नाच्या वेळी आईकडून ज्यू असल्याचे पुरावे मागतात, पोरगी अडचणीत यायला नको. पण तिचं लग्न तर झालेलं होतं, नवरा समोर उभा होता. आणि कोणी मागितलाच असता तर तो कागद होता की माझ्या पेटीत, सही-शिक्क्याचा. धर्माने आईला कधीच घेतलं होतं. मीच घेतलं नव्हतं.

मामा गेल्या वर्षी, धानाची रोवणी आटोपल्यावर गेला. मी मातीला गेलो होतो. घरच्यांनी भाचा म्हणून मला पुढे बोलावलं, मी गेलो.

पोहे आता दुकानातून आणतो. यंदा मलिद्याच्या आधी नओमीने फोनवर विचारलं, ते पोहेवाले आजोबा कसे आहेत? मी म्हटलं, हल्ली दुसरीकडून घेतो.

तिच्या नवऱ्याने काढलेला फोटो वंशवृक्षाच्या अल्बममध्ये आहे. खाली लिहिलं आहे : भंडाऱ्याचे पोहेवाले, एक भावुक स्वागत. खूप जणांना आवडलेला दिसतो. व्यवस्थापक मीच असल्यामुळे तो रोज माझ्यासमोर येतो. वाकलेला असल्यामुळे त्यात मामाचं तोंड दिसत नाही, नुसती टोपी आणि पाठ.

नाव टाकून माणूस शोधायची सोय आहे तिथे. कधीकधी मी ‘सुकराम’ टाकून बघतो. काही सापडत नाही.