त्यांच्यात चालतं

माझा राग अजून गेलेला नाही, आणि त्यातला अर्धा माझ्यावरचाच आहे.

मुरबाड तालुक्यातल्या एका निवासी शाळेत मी शिकवायला होते. माझं घर आटगावचं, शेतकऱ्याचं; शाळेतल्या मुली डोंगरावरच्या पाड्यांतून आलेल्या. त्यांच्या न्हाणीघराला दारं नव्हती. तीन भिंती, वर पत्रा आणि समोरून स्वयंपाकघराकडे जाणारी वाट. मोठ्या मुली उजाडायच्या आत उठत, अंगातल्या कपड्यांवरच पाणी ओतून घेत आणि तशाच ओल्या खोलीकडे पळत.

पहिल्याच आठवड्यात मी मुख्याध्यापकांना दारांचं विचारलं. माणूस वाईट नव्हता. पोरगी तापाने फणफणली तर स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेणारा. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपल्याकडचं बघून बोलताय. या मुली घरी नदीवर आंघोळ करतात. त्यांच्यात चालतं."

आणि मला ते पटलं. अध्यापनाचं शिकताना मी लिहून काढलं होतं की प्रत्येक समाजाची नीती वेगळी असते, आपली मापं दुसऱ्याला लावू नयेत. ते वाक्य मनात म्हणताना मी मोठ्या मनाची आहे असं वाटायचं. माझ्या खोलीतल्या मोरीला आतून कडी होती. ती नीट लागली का, हे मी रोज दोनदा बघायचे.

तिसऱ्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने आंघोळच सोडली. भूमितीत हुशार, पण तिच्याजवळ कोणी बसेना. मी तिला वर्गात उभं केलं आणि स्वच्छतेवर सगळ्यांसमोर झापलं. दिवाळीच्या सुट्टीत गेली ती परत आलीच नाही.

तिला आणायला मी गेले. वैशाखऱ्याला एसटीतून उतरून तासभर चढ. तिची आई दारात विळ्याने नाचणीची कणसं कापत होती. तिने पाणी दिलं, मी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "बाई, तुमी आंघोळ करता तिथं दार हाय?"

"आहे."

"मग पोरींना का नाय?"

मी तेच वाक्य म्हटलं. तुमच्यात चालतं ना, म्हणून.

तिने विळा खाली ठेवला आणि मला उतारावरून ओढ्याकडे घेऊन गेली. खडकांच्या आड एक वळण होतं. ती बायकांची जागा. पुरुषांची वेगळी, बरीच वरच्या अंगाला. बाया पाण्यात असल्या की त्या पायवाटेवर पुरुष पाऊल टाकत नाही. तिच्या सासऱ्याचे डोळे गेले होते, तरी तो लांबूनच खाकरून थांबायचा. कोणी मुद्दाम आला तर पाडा त्याला बसवून जाब विचारतो.

"आमच्यात चालतं, हे तुमाला कोन बोललं?" तिने विचारलं.

कोणीच नाही. तीन वर्षांत आम्ही एकीलाही विचारलं नव्हतं. आमच्या कामचुकारपणाला आम्ही त्यांची रीत म्हणत होतो.

परत घराशी आलो तेव्हा मुलगी बोलली. रोज आंघोळीच्या वेळी शाळेचा आचारी समोर उभा राहून दात घासायचा. बाजूला हो म्हटलं तर हसायचा.

मी शाळेत येऊन मुख्याध्यापकांना हे सांगितलं. ते म्हणाले, दारांचा प्रस्ताव वर गेलाय, आणि आचारी तसा माणूस नाही. मी सहीनिशी तक्रार लिहून टेबलावर ठेवली. त्यांनी ती खणात टाकली.

पुढच्या सोमवारी पहाटे आठ बायका डोंगर उतरून आल्या, पुढे त्या मुलीची आई. न्हाणीघरासमोर खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, पाठ मुलींकडे आणि तोंड वाटेकडे. आचारी तोंडात ब्रश घालून आला, बघितलं आणि मागे फिरला. मुख्याध्यापक धावत आले, हे काय चाललंय म्हणून विचारू लागले.

"दार हाय हे," मुलीची आई म्हणाली. "तुमचं येईपर्यंत."

तीन वर्षं वर अडकलेली दारं बुधवारी दुपारी मुरबाडहून आली.

नीती समाजागणिक बदलते, हे मला आजही खोटं वाटत नाही. त्या ओढ्यावरची नीती आमच्या शाळेपेक्षा कितीतरी कडक होती. पण ती समजून न घेता जो दुसऱ्याच्या वतीने "त्यांच्यात चालतं" म्हणतो, त्याच्याबद्दल मला आता दयामाया नाही. बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या मोरीला कडी असते.

मी पुन्हा पाड्यावर गेले, मुलीची माफी मागितली. ती पेंढा बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "वरडलात वर्गात, माफी हितं मागता."

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती. मुली खाली बघत बसल्या. एकीने दप्तराचा बंद उगीच सोडला आणि बांधला. जूनमध्ये ती मुलगी परत आली आणि पुन्हा सातवीत बसली. तिचं एक वर्ष आम्ही खाल्लं.

शाळेचं वातावरण बिघडवते म्हणून माझी बदली तानसाच्या बाजूला झाली. आचाऱ्याचीही झाली, दुसऱ्या निवासी शाळेत. तिथंही मुली आहेत. तिथल्या मुख्याध्यापकांना मी सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र लिहून झालंय. या वेळी मी ते घेऊन स्वतः जाणार आहे.