आत्याचं संचालक मंडळ

आत्याची नखं कायम निळी. कापड रंगवायच्या कारखान्यात जन्म गेला. "नेलपॉलिशचा खर्च वाचतो," म्हणायची.

तिच्या ऑफिसात चाकांच्या घडवंचीवर माशांची काचपेटी होती. रंगाचं पाणी यंत्रात शुद्ध होऊन ओढ्याला जाण्याआधी त्यातलं थोडं लांब नळीने या पेटीत यायचं. "हे माझं संचालक मंडळ," ती सांगायची. "यांना सोसेल तेवढाच धंदा वाढवायचा." ऑर्डर घ्यायची ती पेटीसमोर बसूनच.

त्या सकाळी एका मोठ्या कंपनीच्या खरेदीदार बाई आल्या. काळ्या कापडाची ऑर्डर होती. मिळाली तर कारखाना दुप्पट, असं दादाचं, म्हणजे आत्याच्या मुलाचं, स्वप्न. नमुन्याचे तागे त्याने आदल्या दिवशीच रंगवले होते.

मासे पेटीच्या एकाच टोकाला गोळा झालेले. तोंडं भिंतीकडे. भिंतीपलीकडे ओढा.

"मंडळ रुसलंय का रे?"

"झोपले असतील, आई."

"उघड्या डोळ्यांनी?"

"मासेच ते. मिटणार काय?"

बाई हसल्या. आत्या नाही. तिने मला खूण केली आणि आम्ही दोघींनी घडवंची फिरवली. पाणी डुचमळलं. मासे सावकाश वळले आणि परत ओढ्याकडे तोंड करून थांबले. त्यांचे कल्लेसुद्धा हलताना दिसेनात.

घडवंची फिरल्यावर मागची नळी दिसली. ती पिण्याच्या नळाला जोडली होती.

"ही कुणी लावली?"

दादा खाली बघत म्हणाला, "काळा रंग आपल्या यंत्राला झेपत नाही. बाईंसमोर मेलेले मासे शोभले असते?"

"मग नमुन्याचं पाणी कुठं सोडलंस?"

उत्तराची गरजच नव्हती. सगळे मासे तिकडेच बघत होते.

आत्या बाईंकडे वळली. "यंत्राला झेपेल तेवढंच कापड देईन."

"तुकड्यातुकड्याने आम्ही घेत नाही," बाईंनी पर्स उचलली.

त्या गेल्यावर दादा म्हणाला, "जन्मभर याच खुराड्यात बसायचं?"

"बसू. जा गं, मागचा, ओढ्याकडचा कॉक बंद करून ये."

मी बंद करून आले. ओढा शाईसारखा काळा झाला होता. पेटीतले मासे आता दादाकडे बघत होते. तो उठून दुसऱ्या खुर्चीत बसला. तेही वळले.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. कारखाना दादा चालवतो, तेवढाच, तिच्याच नियमाने. पेटीतले मासे कितीदा बदलले. परवा नवे आणले, दुकानातून थेट. पिशवीतून सोडल्याबरोबर दादाकडे वळले.

दादाने मुकाट्याने खुर्ची त्यांच्यासमोर ओढली.