तायडे सरांचा खडक

अकोल्यात उन्हाळ्यात माणसं एकमेकांना एकच गोष्ट विचारतात, आज किती? तायडे सरही रोज विचारायचे, पण मालवणच्या एका होडीवाल्याला, आणि तेही समुद्राच्या पाण्याबद्दल. स्टाफरूममधल्या कुलरसमोर उभं राहून फोनवर आकडा ऐकायचे, डायरीत लिहायचे आणि घरचं माणूस दवाखान्यात असल्यासारखा चेहरा करून बसायचे.

"सर, इथं पंचेचाळीस आहे. आधी आपलं पाहा ना," मी एकदा म्हटलं. मी कॉलेजची ग्रंथपाल, जीभ जरा सैलच.

"आपलं काय मॅडम, आपुन कुलरसमोर बसतो. थे कुठी जाईन? त्याले पाय हायेत का?"

'थे' म्हणजे प्रवाळ. सर प्राणिशास्त्र शिकवायचे. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातला हा माणूस, पंचविशीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. मग मालवणला पाण्यात डोकं घातलं आणि प्रवाळानं भरलेला एक खडक पाहिला. तेव्हापासून दरवर्षी पोरांना घेऊन तिथंच. हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी पाण्यात उतरायला बंदी केली, म्हणून हे फोन.

कॉलेजात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. हेडक्लार्क हात पुढं करून विचारायचे, "सर, मंगळासाठी पोवळं कोनत्या बोटात घालू?"

"त्या जिवाले त्याच्या घरी राहू द्या, तुमचा मंगळ आपोआप सुधरते," सर शांतपणे म्हणायचे.

त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, होडीवाल्यानं फोटो पाठवला. अख्खा खडक पांढराशुभ्र. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं, पांढरं दिसलं की आम्हाला बरकतच आठवते. "वा सर, काय फुटलाय कापूस," मी म्हटलं.

सर माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "उपाशी हाये थे मॅडम. कापूस कायचा घेऊन बसल्या?"

मग पाणी प्यायले आणि समजावून सांगू लागले. प्रवाळ म्हणजे बारीक बारीक प्राण्यांची वस्ती. त्यांच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं. तेच त्यांना खाऊ घालतं, रंगही त्याचाच. पाणी फार तापलं की दोघांचं बिनसतं आणि शेवाळ बाहेर पडतं.

"रांधनारीच घर सोडून गेली, अशी गत हाये. पन जीव हाये अजून. पानी लवकर थंड झालं तं परत येईन थे."

"आणि नाही झालं तर?"

सर डायरी चाळत बसले.

पुढं पावसाळा लागला, होड्या बंद झाल्या आणि खडकाकडे कुणालाच जाता येईना. ते चार महिने सरांनी कसे काढले ते मी पाहिलंय. डबा तसाच परत न्यायचे. लायब्ररीत येऊन पेपरातलं कोकणाचं हवामान वाचायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "लय पाऊस पडून राहिला तिकडं. थंड झालं असन पानी." त्यांची काळजी मलाही लागली. समुद्र कशाशी खातात हे ठाऊक नसलेली मी, पेपर आला की आधी तेच पान उघडायला लागले. हेडक्लार्कसुद्धा जाता-येता विचारायचे, "सर, काही खबर?"

दसऱ्यानंतर खबर आली. नुसता फोटो. खडक हिरवागार झाला होता.

मी सरांच्या हातून फोन घेतला आणि सगळ्यांना दाखवत सुटले. शेवाळ परत आलं, खडक वाचला. शेत हिरवं झालं की जो आनंद होतो, तोच. हेडक्लार्कनी स्वतः जाऊन पेढे आणले आणि पहिला सरांच्या तोंडात घातला. सरांनी तो सावकाश खाल्ला, सगळ्यांना हात जोडले आणि तासावर गेले.

संध्याकाळी ते स्कूटर काढत होते. मी म्हटलं, "सर, आज तरी निवांत झोपा."

ते किल्ली हातात धरून उभे राहिले. "मॅडम, आतलं शेवाळ परत आलं असतं तं खडक तपकिरी झाला असता. हे दुसरं हाये. जीव गेल्यावर वरतून चढते."

मी विचारलं, "मग सकाळी काहून नाही सांगितलं?"

"तीस वर्सांत पहिल्यांदा कोनी त्याच्यासाठी पेढे आनले. कसं सांगू?"

सर हेल्मेट घालून निघून गेले. मी मात्र तिथंच उभी राहिले आणि कधी न पाहिलेल्या त्या खडकासाठी रडले.