साक्रीच्या बाजाराची रेघ

सीमारेषा शिकवण्यात हयात घालवून एकाही सीमेवर विश्वास न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे सर. धुळ्याच्या कॉलेजात ते आम्हाला आर्थिक आणि राजकीय भूगोल शिकवत. देशांच्या सीमा ते फळ्यावर इतक्या बेफिकिरीने काढत की एकदा नेपाळ थेट समुद्रकाठी आला. "असू दे, तेवढाच हवापालट," म्हणाले आणि पुढे शिकवू लागले. पण कोणतं गाव कुठल्या आठवडेबाजाराला जातं, हा प्रश्न निघाला की त्यांचा हात अडखळे. खानदेशातल्या बाजारांच्या हद्दी दाखवणारा एक नकाशा ते माझ्या जन्माआधीपासून काढत होते, तोही पेन्सिलने. शाईला मनाई होती. खिशात पेनाच्या जागी खोडरबर असे. पारोळ्याला माझ्या लग्नात त्यांनी अक्षता हातात घेऊन माझ्या सासऱ्यांना विचारलं, "तुमचं गाव बाजाराला पारोळ्याला येतं की अमळनेरला?" सासरे म्हणाले, "दोन्हीकडे." झालं! अक्षता खिशात गेल्या, खोडरबर बाहेर आला, आणि मंगलाष्टक संपताच घाईत तोच माझ्या डोक्यावर पडला.

या नकाशाचं पुस्तक व्हायचं होतं. त्यावाचून सरांची बढती अडली होती, आणि पुस्तक अडलं होतं एका गावावर. साक्री आणि पिंपळनेर यांच्या मधलं ते गाव एक वर्ष इकडच्या बाजाराला जाई, एक वर्ष तिकडच्या. विभागप्रमुख कावून म्हणत, "अहो, एक रेघ मारा आणि सुटा!" सर म्हणत, "मारतो. एकदा साक्रीला जाऊन येतो." बढतीवाचूनच ते निवृत्त झाले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "माझ्या माहेरचा रस्ता यांना आठवत नाही, साक्रीची एसटी मात्र तोंडपाठ."

गेल्या हिवाळ्यात सर गेले. काकूंनी नकाशाची गुंडाळी माझ्या हाती दिली. "शाई तू भर. त्यांच्या हयातीत राहिलं ते छापून टाकू." जळगावला घरी बसून मी सगळ्या हद्दी शाईने गिरवल्या. ती एक राहिली. म्हणून त्या गावी गेलो. ओट्यावर कांदे निवडत बसलेल्या म्हातारीने माझ्या हातातली गुंडाळी ओळखली.

"मास्तर नही उनात?"

सर का आले नाहीत ते मी सांगितलं. तिचा हात थांबला. हातातला कांदा बाजूला ठेवून ती म्हणाली, "मंग लिखी ल्या, साक्री. त्यास्ना जीवले बरं वाटी." मी पेनाचं टोपण काढलं, तशी ती घाईने म्हणाली, "पन आंडोरनी गाडी लिधी का मंग पिंपळनेर, हां!"

पोराने गाडी घेतली की पुन्हा पिंपळनेर! मी टोपण लावलं.

परत आल्यावर काकूंनी विचारलं, "झाला का रे नकाशा?"

"झालाच काकू," मी म्हणालो. "एकदा साक्रीला जाऊन येतो."

काकू हसल्या, आणि मग पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.