टँकरच्या पाण्यात मीठ

समुद्री मिठाची पिशवी फोडली, की त्या दुष्काळातलं सिरसाळ्याचं ते घर आठवतं. बीडच्या माझ्या दुकानातून मी तिथल्या सहकारी सोसायटीच्या चेअरमनकडे समुद्रातले शोभेचे मासे घेऊन गेलतो. बैठकीच्या खोलीत काचेच्या टाकीत टँकरचं गोडं पाणी भरून मी त्यात मीठ कालवलं होतं. “एकमेकाला खाणारे नगं,” चेअरमन म्हणाले. एकाच्या तोंडात दुसरा मावत असला, तर ते दोघं एकत्र ठेवायचे नाहीत, असं मी सांगत होतो. तेवढ्यात पाणी मागायला आलेली एक म्हातारी घागर घेऊन दारातून आत आली आणि तिनं टाकीत बोट बुडवून चाखलं. “आमच्या बोरचं असंच खारट हाय,” ती म्हणाली. “माशाला ते न्यायचं, आन् टँकरचं आमाला द्यायचं.” चेअरमननी पिवळ्या माशाकडे बोट केलं. “ह्याचं निळ्यासंगं जमंल का?” आजही गिऱ्हाईकाला मासे निवडून देताना माझी नजर दाराकडे जाते.